लीज संपली, गाडी घ्यायची का? वाळूजच्या जमिनीपासून बॅटरीपर्यंत

या आठवड्याचा भाग इथे लिहूनही ठेवतोय, कारण यात आकडे बरेच आहेत आणि बसमध्ये इअरफोन लावून ऐकताना आकडे निसटतात.

प्रश्न साधा आहे. नोकरीच्या ठिकाणाहून लीजवर घेतलेली इलेक्ट्रिक गाडी तीन-चार वर्षं वापरली. आता करार संपतोय. करारात लिहिलेली रक्कम भरून गाडी आपल्या नावावर करायची, की चावी परत द्यायची? वाळूज, शेंद्रा, चाकण, हिंजवडी, कुठेही जा, पगाराच्या रचनेत बसवून घेतलेल्या अशा गाड्या आता एकेक करून मुदतीला येतायत. माझीही त्यात आहे. चार वर्षांचा करार, दोन महिन्यांत संपतो.

आता तुम्ही म्हणाल, हे इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये कशाला? तर भाड्याने वापरलेली वस्तू शेवटी कुणाची, हा वाळूजचा फार जुना प्रश्न आहे. गाडीच्या आधी तो जमिनीचा होता. आणि जमिनीच्या वेळी लोकांनी जे विचारलं, तेच आज गाडीच्या वेळी विचारावं लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

खंड, बटई आणि कूळ

वाळूज गंगापूर तालुक्यात येतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीन एकाच्या नावावर आणि औताचा कासरा दुसऱ्याच्या हातात, हे चित्र सर्रास होतं. कुणी खंडाने कसायचं, कुणी बटईने. खंड म्हणजे आधीच ठरलेली रक्कम किंवा ठरलेलं धान्य. पाऊस पडो न पडो, ते द्यायचंच. बटई म्हणजे जे पिकेल त्यात वाटा. हा फरक जरा लक्षात ठेवा. खंडात दुष्काळाचा सगळा भार कसणाऱ्यावर. बटईत तो दोघांत वाटला जातो. पुढे बॅटरीपाशी आलो की हे परत लागेल.

१९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. वर्षानुवर्षं जमीन कसणाऱ्यांना या कायद्याने संरक्षित कूळ म्हटलं. त्यांना सहजासहजी हुसकावून लावता येणार नाही, ही एक गोष्ट झाली. पण दुसरी गोष्ट जास्त मोठी होती. कसणाऱ्याला ती जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि किंमत कशी ठरवायची हेही कायद्यातच आलं. म्हणजे मालकाच्या मनात येईल तो आकडा नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर लीजच्या शेवटी खरेदीचा हक्क, तोही किंमत ठरवण्याच्या नियमासकट.

आमच्या घरात ही गोष्ट आजोबांकडून आली. ते कूळ होते. कुठल्या वावरात पाणी साचतं, कुठे दोन हात खोदलं की खडक लागतो, कुठला बांध दर पावसाळ्यात फुटतो, हे त्यांना पाठ होतं. कागदावर ज्याचं नाव होतं त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो वर्षातून एकदा खंड न्यायला यायचा. त्यामुळे हक्क मिळाल्यावर आजोबांना जमीन पाहायला जावं लागलं नाही. ते काय विकत घेतायत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे वाक्य आजच्या सगळ्या भागाचा गाभा आहे, म्हणून परत सांगतो. ज्याने वापरली, त्याला माहीत असते. खरेदीचा हक्क मोलाचा असतो तो या माहितीमुळे.

ज्या वाळूजमध्ये जमीन कुणाचीच नाही

मग पुढे काय झालं? १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. वाळूजला औद्योगिक वसाहत आली, शेतजमिनी संपादित झाल्या. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ ची आणि कारखाना सुरू झाला नोव्हेंबर १९८५ मध्ये. एका पिढीने कूळ म्हणून मिळवलेली जमीन पुढच्या पिढीने एमआयडीसीला दिली आणि त्याच जमिनीवरच्या कारखान्यात कार्ड पंच केलं, अशी घरं या पट्ट्यात आहेत. आमचं त्यातलंच एक. वडिलांनी इथल्याच एका कारखान्यात उभी नोकरी काढली.

गंमत अशी की ज्या कारखान्यांसाठी जमीन गेली, ते तरी तिचे मालक झाले का? नाही. एमआयडीसी भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या लीजवर देते. शेड दुसऱ्याला द्यायची तर एमआयडीसीची परवानगी लागते, हस्तांतरणाचं शुल्क लागतं. सिडकोच्या वसाहतींतही घराखालची जमीन लीजवरच दिलेली, म्हणून आपल्या शहरात 'लीजहोल्डचं फ्रीहोल्ड करा' ही मागणी वर्षानुवर्षं चालत आली. बजाजनगरमध्ये चहाच्या टपरीवर उभं राहिलात तर हे दोन इंग्रजी शब्द अस्सल मराठवाडी उच्चारात ऐकायला मिळतात.

म्हणजे बघा, एकाच गावाच्या शिवारात दोन प्रकारचे करार. कुळाला जमीन घेण्याचा हक्क होता. कारखानदाराला तो नाही, पण त्याचं काही अडत नाही, कारण त्याचा सगळा हिशेब वापरावर बसवलेला आहे. लीज वाईट आणि मालकी चांगली, असं सरसकट म्हणता येत नाही. विचारायचं ते एवढंच: करारात शेवटी घेण्याचा हक्क लिहिलाय का, आणि लिहिला असेल तर किंमत कुणी आणि कधी ठरवली?

एका पियानोचा खटला

हा हक्क म्हणजे नेमकं काय, हे कायद्याने ज्या खटल्यात स्पष्ट केलं तो पियानोचा आहे. इंग्लंड, १८९५. हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज. एका माणसाने पियानो भाड्याने घेतला. दरमहा साडेदहा शिलिंग, ३६ महिने. सगळे हप्ते भरले तर पियानो त्याचा, आणि मधेच नको वाटला तर परत करायची मुभा. या पठ्ठ्याने काय केलं, काही हप्ते भरले आणि पियानो सावकाराकडे गहाण टाकला. मूळ मालक सावकाराकडे गेला. म्हणाला, माझा पियानो दे.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. निकाल मालकाच्या बाजूने लागला. कारण काय? तर भाड्याने घेणाऱ्याने पियानो विकत घ्यायचं कबूलच केलेलं नव्हतं. त्याच्याकडे घेण्याचा पर्याय होता, बंधन नव्हतं. आणि बंधन नाही, म्हणजे शेवटचा हप्ता भरेपर्यंत वस्तू मालकाचीच.

आपल्याकडे याच विषयावर १९७२ मध्ये भाडे-खरेदी कायदा संसदेने मंजूर केला. मंजूर केला, पण तो कधी लागूच झाला नाही. तेहतीस वर्षं तसाच पडून राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे लीजवरची गाडी शेवटी किती रुपयांना मिळावी, याचा कूळकायद्यासारखा नियम आज नाही. जे काही आहे ते तुमच्या सहीच्या कागदात.

म्हणून पहिलं काम, करार काढा आणि वाचा. त्यात तीनपैकी एक लिहिलेलं सापडेल. एक, मुदतीनंतर ठरलेल्या किमतीला गाडी घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. दोन, तेव्हाच्या बाजारभावाने लीज कंपनी देईल, तिची मर्जी असेल तर. तीन, परतच करायची. आणि आरसी बुकही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे भाडे-खरेदी, लीज किंवा तारण असेल तर तशी नोंद आरसीवर असते. नोंदणीकृत मालक म्हणून नाव तुमचं आहे की लीज कंपनीचं, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

ज्यांना गाडी विकत मिळाली नाही

तिसऱ्या प्रकारच्या करारात काय होतं, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इलेक्ट्रिक गाडीचंच आहे.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही वन नावाची गाडी आणली. १९९९ पर्यंत १,११७ गाड्या बनवल्या. या गाड्या फक्त लीजवर मिळायच्या, विकत घ्यायची सोयच नव्हती. वापरणारे गाडीच्या प्रेमात पडले. पण कंपनीने प्रकल्प गुंडाळला आणि करार संपतील तशा गाड्या परत मागवल्या. लोक म्हणाले, आम्हाला विका, पुढची दुरुस्ती आमची आम्ही बघू. कंपनी नाही म्हणाली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात बरबँकला कंपनीच्या आवारात उरलेल्या ७८ गाड्या उभ्या होत्या. बाहेर लोकांनी दिवसरात्र पहारा दिला, १९ लाख डॉलर देऊ केले. तरी गाड्या गेल्या भंगारात. काही थोड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना मिळाल्या, बाकीच्यांचा चुरा.

त्याच काळात टोयोटाची रॅव्ह फोर ईव्ही होती. तीही आधी लीजवरच. पण २००२ मध्ये टोयोटाने काही गाड्या लोकांना विकत दिल्या, आणि त्यातल्या कितीतरी पुढे बरीच वर्षं चालत राहिल्या.

दोन्हीकडे वापरणाऱ्यांना गाडीची माहिती सारखीच होती. फरक होता तो घेण्याच्या हक्कात. माहिती आहे पण हक्क नाही, तर माहितीचा उपयोग शून्य.

आपल्याकडेही इलेक्ट्रिक गाडी आधी 'वापरा आणि परत करा' याच वाटेने बऱ्याच जणांपर्यंत पोचली. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीने २०१७ मध्ये दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, सरकारी खात्यांना लीजवर द्यायला. ऑगस्ट २०२० मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्ही मासिक भाड्यावर द्यायला सुरुवात केली, ४१,९०० रुपयांपासून, पुणे-मुंबईसह पाच शहरांत. नवं तंत्रज्ञान, लोक बिचकतायत, तर जोखीम आमच्याकडे ठेवा आणि तुम्ही चालवून बघा, असा तो व्यवहार.

किंमत कुणी ठरवली, आणि कधी

आता समजा करारात हक्क आहे. माझ्या करारात आहे. मग दुसरा प्रश्न, किंमत.

आमच्या वडिलांच्या पिढीचा एक पक्का समज आहे: गाडीत टाकलेला पैसा बुडत नाही. तो उगीच आलेला नाही. १९७२ मध्ये बजाज चेतक आली तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं स्कूटरसाठी नंबर लावून थांबावं लागायचं. लग्नाच्या वयात बुक केलेली स्कूटर पोरगं शाळेत जाताना यायची, असं गमतीने म्हणायचे. त्यामुळे वापरलेली चेतक नव्यापेक्षा जास्त भावाने विकली जायची. वाळूजसारखे मोठे कारखाने आले, पुढे नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, मग हे थांबलं. पण घरातल्या मोठ्यांच्या मनात तो हिशेब बसून राहिला.

इलेक्ट्रिक गाडीचं नेमकं उलटं आहे. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत १३.९९ लाख होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची किंमत १.२ लाखांपर्यंत कमी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सणासुदीच्या सवलतीत, ती १२.४९ लाखांपासून मिळत होती. म्हणजे पावणेपाच वर्षांनी सुधारलेली गाडी पहिल्या गाडीपेक्षा स्वस्त. यामागे बॅटरी आहे. ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाच्या पाहणीत २०२४ मध्ये बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर निघाली, एका वर्षात २० टक्क्यांनी कमी.

आता यात लीजचा करार आठवा. शेवटची किंमत, ज्याला रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात, ती सही करतानाच लिहिलेली असते. तो चार वर्षांपूर्वी लावलेला अंदाज आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा बाजारभाव पडतो, पण कागदावरचा आकडा जागचा हलत नाही. कुळाच्या वेळी किंमत ठरवायचा नियम कसणाऱ्याच्या बाजूने झुकलेला होता, म्हणून घेणं फायद्याचं. इथे कागदावरचा आकडा बाजाराच्या वर राहू शकतो. तो वर असेल तर त्या आकड्याला घ्यायची सक्ती कुणाचीच नाही. पियानोवाल्याचा खटला आठवा: पर्याय आहे, बंधन नाही. घसारा लीज कंपनीने अंगावर घेतला होता, तर तो तिच्याच अंगावर राहू द्या. मात्र करारात तुमच्यावर काही हमी टाकलीय का, ते सही केलेल्या कागदात बघून घ्या.

आणि पैशाचा भाव विसरू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात एका दिवसात दीडशे मर्सिडीज आल्या, एकूण ६५ कोटींच्या. उद्योजकांनी एकत्र येऊन सौदा केला होता. देशभर बातमी झाली. पण पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्यातला वेगळाच आकडा पुढे आणला: या गाड्यांना कर्ज सात टक्क्यांनी मिळालं आणि त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्के. २०२२ मध्ये इथल्याच उद्योजकांनी तीच युक्ती इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वापरली, एकत्र नोंदणी करून शंभराहून जास्त गाड्या एकदम आणल्या. धडा असा की गाडीची किंमत आणि गाडीसाठी लागणाऱ्या पैशाची किंमत हे दोन वेगळे आकडे आहेत. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर सहसा नव्या गाडीपेक्षा चढा असतो. सहा लाखांना घेतलेली गाडी व्याजासकट सात लाखांच्या घरात जाऊ शकते. तुलना करायची तर ती या दुसऱ्या आकड्याशी करा.

बॅटरी: खंड की बटई?

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला फरक काढा.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर आणली. गाडी ९.९९ लाखांपासून, बॅटरीचं भाडं वेगळं, किलोमीटरला साडेतीन रुपये. लोकांना वाटलं, काय नवीन कल्पना आहे! पण अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने हे शंभर वर्षांहून आधी सुरू केलं होतं. इलेक्ट्रिक ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी कंपनीची. दरमहा ठरावीक शुल्क आणि मैलामागे आकार, बॅटरी संपली की भरलेली बसवून मिळायची. हे १९२४ पर्यंत चाललं. आणि त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये विजेवरच्या टॅक्सी धावल्या, त्याही बनवणाऱ्यांनी विकण्याऐवजी भाड्यानेच द्यायचं ठरवलं होतं.

सव्वाशे वर्षं हाच धागा आहे. इलेक्ट्रिक गाडीत लोक बॅटरीला घाबरतात, म्हणून विकणारा म्हणतो, बॅटरीची काळजी माझी, तू फक्त वापर. लीजवर गाडी चालवताना बॅटरी म्हातारी होण्याचा भार मालकावर असतो. गाडी विकत घेतली, त्या दिवसापासून तो आपल्यावर. बटईवरून खंडावर यायचं म्हणजे हेच. पाऊस कमी पडला तर आता वाटून घ्यायला कोणी नाही.

मराठवाड्यात याला वजन आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. गाडी भर उन्हात पूर्ण चार्ज करून उभी ठेवणं, रोज फास्ट चार्जरवर लावणं, याने बॅटरी लवकर थकते. म्हणून घेण्याआधी दोन कागद हवेतच. एक, बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल, ज्याला स्टेट ऑफ हेल्थ म्हणतात. सर्व्हिस सेंटरला काढून मागा. दुसरा, वॉरंटीचा. पहिल्या नेक्सॉन ईव्हीला बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. चार वर्षं वापरून झाली असतील तर अजून चार उरतात. पण अलीकडच्या काही गाड्यांना 'आयुष्यभर' म्हणून दिलेली वॉरंटी फक्त पहिल्या मालकासाठी असते. आरसीवर पहिला मालक लीज कंपनी असेल, तर तुम्ही चार वर्षं तीच गाडी चालवूनही कागदावर दुसरे मालक ठरता. हे आधी लेखी विचारून घ्या.

जे फक्त मला माहीत आहे

१९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जुनी गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना खटारा धरून भाव पाडतो. मग चांगली गाडी असलेला ती विकायलाच काढत नाही, आणि बाजारात खटारे उरतात.

लीजच्या शेवटी ही गोष्ट उलटी होते, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे विकणाऱ्याला, म्हणजे लीज कंपनीला, गाडीबद्दल काही माहीत नाही. तिने ती चालवलेलीच नाही. माहिती आहे ती घेणाऱ्याला. आजोबा आणि त्यांचं वावर, तेच.

माझी गाडी रोज वाळूज ते शहर जाते. पंढरपूर, गोलवाडी, नगर नाका, आणि परत. घरच्या सॉकेटवर रात्री हळू चार्ज होते. फास्ट चार्जर लागला तो वर्षाकाठी पुण्याच्या दोन-चार फेऱ्यांना. उन्हाळ्यात शेडखाली उभी असते. पुरात गेलेली नाही, ठोकलेली नाही. हे सगळं माझ्याकडून दुसऱ्या कुणी विकत घेताना त्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल. मला नाही.

आकडे गोल करून सांगतो. सोळा लाखांची गाडी. करारातली शेवटची किंमत ४० टक्के, म्हणजे ६ लाख ४० हजार. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली तशीच गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात साधारण पावणेसहा लाखांना मिळतेय. बॅटरीचा अहवाल ९२ टक्के आला. वॉरंटीची चार वर्षं शिल्लक, आणि ती पुढच्या मालकाला लागू असल्याचं लेखी मिळालं.

घरात दोन मतं पडली. बायको म्हणाली, परत द्या, नवी स्वस्त आणि चांगली येतेय, जुन्या बॅटरीचा घोर कशाला? वडील म्हणाले, "चार वर्षं हप्ते भरून नावावर काय राहिलं?" त्यांच्या या प्रश्नामागे आजोबांचं वावर आहे, संपादनाचे पैसे आहेत, सगळंच आहे. मी त्यांना एवढंच म्हणालो की जमीन झिजत नाही, बॅटरी झिजते, त्यामुळे नावावर होणं हा फायदा आपोआप होत नाही. तो किंमत योग्य असली तरच होतो. भरलेल्या हप्त्यांबद्दल म्हणाल, तर ते चार वर्षांच्या वापराचे होते, तो वापर झाला. ते पैसे या हिशेबात धरायचे नाहीत.

मग मी माझी वरची मर्यादा कागदावर लिहिली. पावणेसहा लाख बाजारभाव. त्यावर माझ्या माहितीचे पंचवीस हजार जास्त, कारण बाजारातली गाडी अनोळखी आणि ही ओळखीची. म्हणजे सहा लाख, सगळ्यासकट. सगळ्यासकट म्हणजे नाव बदलायचा आरटीओचा खर्च, लीजची नोंद काढायचा फॉर्म ३५, हस्तांतरणाचे २९ आणि ३०, विमा नावावर करणं, आणि जीएसटी. जीएसटीचं जरूर विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत, जुन्या इलेक्ट्रिक गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकांसाठीचा दर १२ वरून १८ टक्के करायचं ठरलं. तो पूर्ण किमतीवर नसतो, मार्जिनवर असतो. सांगितलेल्या किमतीत तो धरलाय की वेगळा लावणार, हे लेखी घ्या.

लीज कंपनीला मेल केला. तशाच गाड्यांचे भाव जोडले, आणि या किमतीला द्या नाहीतर ठरलेल्या दिवशी घेऊन जा, असं स्वच्छ लिहिलं. पहिलं उत्तर आलं, करारातली किंमत म्हणजे किंमत. मी परतीची तारीख विचारली. आठवड्याने फोन आला, ५ लाख ८० हजार, जीएसटीसकट. आरटीओ आणि विमा धरून सहाच्या आत बसतं. सरळ आहे ना, गाडी परत नेऊन त्यांनाही ती त्याच पडलेल्या बाजारात विकायची होती, आणि त्या बाजारात तिची खरी हकीकत माहीत असलेलं गिऱ्हाईक मी एकटाच होतो.

तर मी घेतोय. कर्ज न काढता, आणि वॉरंटी संपेपर्यंत वापरायची या तयारीने. आकडा सहाच्या वर राहिला असता तर परत दिली असती, वडिलांना वाईट वाटलं असतं तरी. तुमची गाडी रोज फास्ट चार्जरवर लागली असेल, बॅटरीचा अहवाल ऐंशीच्या आसपास असेल, किंवा वॉरंटी तुमच्या नावावर येत नसेल, तर तुमचं उत्तर 'परत' हेच येईल, आणि तेही तितकंच शहाणपणाचं असेल. तुमच्याकडे असलेली माहिती दोन्ही बाजूंनी कामाला येते: चांगली गाडी ठेवायला आणि वाईट गाडी सोडून द्यायला.

करार संपायच्या तीन महिने आधी सुरुवात करा. शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर घासाघीस करायला वेळ उरत नाही. आणि चार्जिंगच्या नोंदी, सर्व्हिसची बिलं, बॅटरीचे अहवाल आजपासून एका फोल्डरमध्ये ठेवा. कुळाकडे कागद नसायचे, म्हणून कित्येकांना आपणच ही जमीन कसतो हे सिद्ध करताना घाम फुटला. आपल्या खिशात फोन आहे. भेटू पुढच्या भागात.